यंत्रयुगातील उमेदवारी

नोकरीच्या बाजारात आज ज्या गुणांना सर्वांत चढा भाव आला आहे ते गुण कोणत्याही विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत नोंदलेले नसतात. आणि गुणपत्रिकेत जे ठसठशीत अक्षरांत नोंदलेले असते, त्यातील पुष्कळसे काम यंत्र अधिक बिनचूक, अधिक त्वरेने आणि रजेचा अर्ज न टाकता करून दाखवू लागले आहे, अशी ही मोठी चमत्कारिक परिस्थिती आहे. जागतिक आर्थिक मंचाने २०२५च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०३०पर्यंत जगातील सुमारे ९ कोटी २० लाख नोकऱ्या लोप पावतील, सुमारे १७ कोटी नव्या निर्माण होतील आणि कामाला लागणाऱ्या मुख्य कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये पालटलेली असतील, असा अंदाज नमूद केला आहे. त्याच अहवालात मालकवर्गाला हव्या असलेल्या गुणांच्या यादीत विश्लेषक बुद्धीच्या खालोखाल चिवटपणा, लवचिकपणा, नेतृत्व आणि इतरांना आपलेसे करण्याची हातोटी यांना स्थान मिळाले आहे. भाकितांचे आकडे पुढे खरे ठरोत वा न ठरोत, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे त्यांवरून समजण्यास हरकत नाही.

अशी मागणी उत्पन्न झाली की पुरवठादार निपजायला वेळ लागत नाही. ज्यांना इंग्रजीच्या अनुकरणाने आपण सॉफ्ट स्किल्स म्हणू लागलो, त्यांचे वर्ग आता जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले आहेत. दोन दिवसांच्या शिबिरात हस्तांदोलन किती घट्ट करावे, टाय कोणत्या रंगाचा बांधावा, डोळ्याला डोळा कसा भिडवावा आणि मराठी वाक्याच्या सांध्यांत इंग्रजी शब्द कसे पेरावेत, याचे पाठ दिले जातात आणि सायंकाळी प्रमाणपत्र हाती पडते. या वर्गांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळदा झालीही आहे. माझा आक्षेप थोडा निराळा आहे. माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, त्याची अडचण त्याच्याच भाषेत त्याला उलगडून सांगणे, नियमाचे अक्षर आणि नियमाचा हेतू यांतील अंतर ओळखणे, चिडलेल्याला न चिडता उत्तर देणे, हे सारे गुण आजवर ज्या ठिकाणी अंगी बाणत असत, नेमके ते ठिकाण यंत्राने व्यापले आहे. आणि त्याच्या बदल्यात दुसरे ठिकाण निर्माण करण्याची तजवीज ना सरकारने केली आहे, ना कंपन्यांनी, ना महाविद्यालयांनी.

बँकांचेच उदाहरण घ्यावे. सप्टेंबर १९८३मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला, पुढच्याच वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा सादर केला, आणि १९८७ साली एचएसबीसीने मुंबईत देशातले पहिले एटीएम बसवले, तेव्हा कारकुनांच्या आणि रोखपालांच्या मनात जे भय दाटून आले होते ते अगदीच अनाठायी होते असे म्हणता येणार नाही. खतावणीतील बेरजा जुळवणे, व्याजाची आकडेमोड करणे, नोटा मोजून गड्डी बांधणे, पासबुकात नोंदी उतरवणे हा ज्या नोकरीचा प्राण, तो प्राणच यंत्रात गेला तर मागे देहाचे काय प्रयोजन, असा तो प्रश्न होता. अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी दीड-दोन दशके उपस्थित झाला होता, आणि तेथे काय घडले याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ जेम्स बेसेन यांनी मांडला आहे. १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेमागे रोखपालांची सरासरी संख्या २०वरून १३वर आली. परंतु शाखा चालवणे स्वस्त झाल्यामुळे शहरांतील शाखांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढली, आणि रोखपालांची एकंदर संख्या घटली नाही. पालट झाला तो कामाच्या स्वरूपात. नोटा मोजणारा माणूस खातेदाराशी बोलणारा माणूस झाला.

हीच गोष्ट अधिक विस्तृत प्रमाणावर हार्वर्डचे डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ साली दाखवून दिली. १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेतील एकूण रोजगारात, माणसांशी सतत संबंध येणाऱ्या कामांचा वाटा जवळजवळ १२ टक्केबिंदूंनी वाढला, तर ज्यांत गणित पुष्कळ पण लोकव्यवहार थोडा अशा कामांचा वाटा सुमारे ३.३ टक्केबिंदूंनी घटला. ठरावीक नियमांनी बांधता येते ते यंत्राकडे जाते आणि नियमात न बसणारे माणसाच्या पदरी उरते, हे यामागचे सरळ कारण. मात्र पदरी उरलेले हे काम हलके नाही, किंबहुना पूर्वीपेक्षा ते बिकट आहे. कारण सोपी प्रकरणे यंत्राने परस्पर निकालात काढल्यावर खिडकीपाशी येतो तो केवळ अडलेला माणूस.

ते काम कसे असते हे पाहायचे असेल तर नोव्हेंबर महिन्यात तालुक्याच्या गावी कोणत्याही बँकेत अर्धा तास बसावे. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. २०१४पासून 'जीवन प्रमाण' योजनेमुळे बोटाच्या ठशावरून हा दाखला घरबसल्याही देता येतो, आणि ज्यांचा ठसा पहिल्या खेपेस जुळतो त्यांच्या दृष्टीने ही सोय खरोखर मोलाची आहे. परंतु जन्मभर खुरपे धरून आणि भांडी घासून जिच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या आहेत, अशी कुटुंबनिवृत्तिवेतन घेणारी म्हातारी यंत्रावर अंगठा ठेवते आणि यंत्र तांबडा दिवा दाखवते, तेव्हा तिला वाटते ते एवढेच की आपले पैसे बंद झाले. एका खिडकीवरचा तरुण म्हणतो, "ठसा येत नाही. आधार केंद्रात जाऊन अपडेट करून या." त्याचे म्हणणे नियमाला धरून आहे; म्हातारी पदराने डोळे पुसत एसटीच्या थांब्याकडे निघते. शेजारच्या खिडकीवरच्या बाई तिला परत बोलावतात आणि इतर काहीही बोलण्याआधी सांगतात, "आजी, तुमची पेन्शन कुठं जात नाही. हे यंत्र तेवढं आज हट्टाला पेटलंय." मग दुसरे बोट, मग फडक्याने पुसलेले बोट, तेही न साधले तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची वाट, आणि तीही खुंटली तर कागदी दाखला. कार्यपद्धतीचे ज्ञान दोघांनाही सारखेच होते. फरक होता तो कोणते वाक्य आधी उच्चारायचे याच्या जाणिवेत, आणि रांगेतल्या लोकांची कुरकुर कानाआड करून म्हातारीसाठी चार मिनिटे काढण्याच्या हिमतीत.

ही जाणीव त्या बाईंना कोणत्या शिबिरात मिळाली? शाखेत दाखल झाल्यावर पहिली काही वर्षे त्यांनी पासबुके भरली, धनादेश लावले, विड्रॉवलच्या चिठ्ठ्यांवरच्या सह्या पडताळल्या, आणि हे कंटाळवाणे काम करीत असता शेजारी बसलेले जुने रोखपाल कोणाशी कसे बोलतात, कोणाला आधी बसवून घेतात, कोणाचा आरडाओरडा मनावर घेत नाहीत, हे सारे त्यांच्या कानांवर आणि डोळ्यांवर आपोआप पडत गेले. आपल्या जुन्या कचेऱ्यांत उमेदवारीची जी रीत होती तिचे मर्म हेच होते. शिकाऊ कारकून बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर ज्येष्ठाच्या शेजारी बसे, नकला उतरवी, बारनिशीत आवक-जावक नोंदी, दप्तर बांधी, आणि हात या रुक्ष कामात गुंतलेला असता मन माणसे वाचायला शिकत असे. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. बिनपगारी राबणे ज्याला परवडे त्यालाच ती साधे, कचेरीचा उंबरठा ओलांडण्याची मुभा मोजक्या जातींना होती आणि स्त्रियांना तर नव्हतीच. तिच्यातला जुलूम गेला हे इष्टच झाले. परंतु जुलमाबरोबर तिच्या पोटातले शिक्षणही आपण वाऱ्यावर सोडून दिले.

हे कसे घडते याचा दुसरा दाखला महसूल खात्यात मिळतो. सातबाऱ्यातील गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. ती भरण्यासाठी तलाठ्याने, ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, हंगामात शेतोशेत फिरून पीक पाहणी करावी अशी अपेक्षा असे. २०२१च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचे छायाचित्र काढून मोबाइलवरून नोंद करू लागला. ही सुधारणा वाजवी आहे, कारण पूर्वी कित्येक गावांत ही पाहणी बांधावर न होता चावडीतल्या सतरंजीवर बसूनच उरकली जात असे आणि उसाच्या जागी ज्वारी लागल्याचे शेतकऱ्याला नुकसानभरपाईच्या वेळीच कळत असे. तथापि जो तलाठी खरोखर बांधावरून हिंडे, त्याला त्या पायपिटीत पिकांखेरीज आणखी बरेच काही दिसत असे: कोणता बांध दरसाल दोन बोटे सरकतो, कोणत्या सामाईक विहिरीवरून भाऊबंदकी धुमसते आहे, मुंबईला गेलेला धाकटा भाऊ वाटणीच्या नावाने गप्प का आहे. हे ज्ञान कोणत्याही नमुन्यात लिहिण्याचे नव्हते. पण वारसनोंदीचा किंवा खरेदीचा फेरफार येई, संबंधितांना नोटिसा जात आणि पंधरा दिवसांच्या मुदतीत कोणी हरकत घेई, तेव्हा समोर उभ्या असलेल्या दोन घरांशी कसे बोलावे हे त्याच ज्ञानावरून ठरत असे. संगणक हक्कसोडपत्राची नोंद बिनबोभाट घेईल. परंतु त्यावरची बहिणीची सही समजून-उमजून झाली आहे की माहेर तुटेल या धास्तीने झाली आहे, ही शंका तरी मनात येण्यासाठी त्या घराच्या ओसरीवर कधीतरी बसलेला माणूस लागतो. संगणकीकरणाच्या वेळी सातबाऱ्यांत शिरलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी महसूल अधिनियमाचे १५५ कलम उपयोगी पडले. माणसांशी तुटलेला परिचय दुरुस्त करणारे कलम मात्र कोणत्याही अधिनियमात नाही.

बँक आणि चावडी यांच्यापुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. वृत्तपत्राच्या कचेरीत नवा उपसंपादक रात्रपाळीला वृत्तसंस्थेच्या तारा मराठीत उतरवता उतरवता बातमीचे तारतम्य शिकत असे. वकिलाचा कनिष्ठ मुदतीच्या अर्जांचे मसुदे लिहिता लिहिता पक्षकाराला धीर कसा द्यावा हे शिके, आणि हिंजवडीतला नवखा अभियंता दुसऱ्याच्या चुका शोधण्याचे बिनमानाचे काम करताना ज्येष्ठ सहकाऱ्याला त्याची चूक कोणत्या शब्दांत दाखवावी हे शिके. अनुवाद, मसुदा आणि चाचणी ही तिन्ही कामे आज कृत्रिम बुद्धिमत्ता करते, आणि ती दिवसेंदिवस बरी करू लागली आहे. याचा पहिला तडाखा कोणाला बसतो, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक ब्रिनयोल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकी वेतनपटांची छाननी करून मांडले आहे. ज्या व्यवसायांना या बुद्धिमत्तेचा सर्वाधिक स्पर्श झाला आहे, त्यांत २२ ते २५ वर्षे वयाच्या कर्मचाऱ्यांचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घसरला, आणि त्याच व्यवसायांतील अनुभवी मंडळींचा रोजगार मात्र टिकून राहिला अथवा वाढला. अर्थात अनुभवी माणसे सर्वांना हवी आहेत. अनुभव देण्याचा खर्च कोणालाच नको आहे.

यावर एक आक्षेप असा निघेल की, ज्या यंत्राने उमेदवारी हिरावली तेच यंत्र उमेदवाराला शिकवीलही. हा आक्षेप पोकळ नाही. ब्रिनयोल्फसन यांनीच अन्य दोन सहकाऱ्यांसह २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणाऱ्या ५,१७९ कर्मचाऱ्यांच्या कामाची नोंद तपासली असता, संभाषण चालू असताना काय बोलावे हे सुचवणारे साधन ज्यांना मिळाले त्यांच्या हातून तासाला निकालात निघणाऱ्या तक्रारींचे प्रमाण सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती आणि मुरलेल्यांच्या बाबतीत जवळजवळ शून्य. नवखा माणूस यंत्राच्या आधाराने चटकन तयार होतो, असा याचा अर्थ लावता येईल, आणि तो चुकीचाही नाही. परंतु ते साधन सुचवीत होते ते काय? त्याच कंपनीतील मुरलेल्या कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या संभाषणांचा अर्क. ती मुरलेली पिढी स्वतः धडपडून, ग्राहकांच्या शिव्या खाऊन तयार झाली होती. तिच्यानंतरची पिढी जर सुचवलेलीच वाक्ये म्हणत राहिली, तर पुढचा अर्क कशातून काढायचा? जुन्या शहाणपणाच्या नकला यंत्र हव्या तितक्या काढून देईल. नवी अडचण आल्यावर नवे शहाणपण प्रसवणारी माणसे तयार करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकून आपल्याला नामानिराळे राहता येणार नाही.

दुसरी गोष्ट याहून अप्रिय आहे. आपल्या संस्था कर्मचाऱ्याकडून गोड वाणीची अपेक्षा करतात, पण त्या वाणीमागे उभा राहणारा अधिकार त्याला देत नाहीत. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य दूरध्वनीवरचा तरुण दिवसभरात कितीतरी वेळा उच्चारतो, कारण त्याला ते पढवलेले आहे; परंतु चुकून कापलेले शंभर रुपये परत करण्याची मुखत्यारी त्याच्याकडे नसते. असे सौजन्य ऐकणाऱ्याला चीड आणते आणि बोलणाऱ्याला पोखरते. सरकारी कचेऱ्यांत चित्र थोडे वेगळे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने सेवा देण्याची मुदत ठरवून दिली, ती टळल्यास अपिलाची सोय केली आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांच्या शास्तीची तरतूद केली, हे उपकारक झाले. पण मुदत मोजणे जितके सोपे तितके समजूत घालणे मोजणे सोपे नाही, आणि जे मोजले जाते तेच केले जाते. अर्जात त्रुटी दाखवून तो परत धाडला तरी पडद्यावरच्या तक्त्यात काम वेळेत झालेलेच दिसते. अर्जदाराला समोर बसवून, "मामा, हा उतारा जुना आहे, नवा जोडलात की काम झालं," असे सांगणाऱ्याच्या नावावर तो तक्ता एकही गुण मांडीत नाही. ज्या गुणाला बढतीच्या वेळी शून्य किंमत, तो गुण वाढावा म्हणून व्याख्याने ठेवणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

मग करावे काय? माझ्या मते पहिली गरज आहे ती पगारी, कायदेशीर आणि सर्वांना खुली अशी उमेदवारी बुद्धिपुरस्सर पुन्हा उभी करण्याची. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. शिकाऊ उमेदवारांचा अधिनियम १९६१पासून अस्तित्वात आहे, आणि २०२४ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६ हजार, आयटीआय अथवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन ठेवलेले आहे. त्या योजनेच्या राजकीय गुणदोषांत न शिरताही एवढे म्हणता येईल की, प्रशिक्षणार्थी तरुणाची मुदत झेरॉक्स काढण्यात आणि चहा सांगण्यात संपली तर तो पैसा फुकट गेला, आणि तीच मुदत एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर गेली तर त्याच पैशात माणूस घडला. शेजारची खुर्ची हा शब्दप्रयोग मी अक्षरशः करतो आहे. यंत्राला एकट्याने करता येणारी काही प्रकरणेसुद्धा पहिले काही महिने नवख्याच्या हातून जाऊ द्यावीत. वेळ लागेल, पण त्या वेळाचेच नाव प्रशिक्षण. ज्येष्ठाच्या कामाचे मोजमाप करताना त्याने शिकवण्यात घालवलेले तास वजा न करता जमेस धरावेत. आठवड्यातून एक अवघड प्रकरण नवख्याने साध्या मराठीत लिहून काढावे, कोण आले होते, काय म्हणाले, आपण काय उत्तर दिले आणि ते का चुकले किंवा साधले, आणि चार जणांनी बसून त्याचा खल करावा. रुग्णालयांत तरुण डॉक्टर रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून वरिष्ठांसमक्ष प्रकरण मांडतात. कचेरीला ही रीत वर्ज्य असण्याचे कारण नाही.

दुसरी गरज आहे ती लहानशा मुखत्यारीची. खिडकीवरच्या माणसाला ठरावीक रकमेपर्यंत, ठरावीक मुदतीपर्यंत आपल्या विवेकाने निर्णय घेण्याची मुभा असावी आणि त्या निर्णयाचे कारण दोन ओळींत लिहून ठेवण्याचे बंधनही असावे. मुभेचा गैरवापर होईल ही भीती खरी आहे, आपल्याकडे तर विशेष खरी आहे. परंतु कारण लिहून ठेवण्याची सक्ती आणि त्याची वेळोवेळी तपासणी हे त्यावरचे जुने व परिणामकारक औषध आहे, आणि अशी तपासणी करण्यात यंत्राची मदत अवश्य घ्यावी. महाविद्यालयांनीही व्यक्तिमत्त्व विकासाचा एक दिवस साजरा करण्याऐवजी विद्यार्थ्यांना एक सत्रभर सेवा केंद्रात, सहकारी पतसंस्थेत किंवा रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर बसवावे, आणि तेथील अनुभवाला विषयाइतकेच गुण द्यावेत. ज्याने दिवसभरात दहा अनोळखी माणसांना उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रे समजावून सांगितली आहेत, त्याला मुलाखतीत धीटपणे कसे बोलावे हे निराळे शिकवावे लागत नाही. आणि हे समजावणे बहुतेक सर्व ठिकाणी मराठीतूनच व्हायचे असल्यामुळे, इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणून मागे पडणाऱ्या गावाकडच्या मुलालाही तेथे आपले पाणी दाखवता येईल.

या सर्वांना खर्च येईल, आणि व्यवस्थापक मंडळी नेमका तोच मुद्दा पुढे करतील. त्यांना विचारले पाहिजे की, ज्या यंत्राने कारकुनाचे तास वाचवले असे आपण वार्षिक अहवालात अभिमानाने छापता, ते वाचलेले तास गेले कोठे? ते सगळेच्या सगळे नफ्याच्या रकान्यात पडत असतील, तर आज मुरलेली माणसे निवृत्त होतील त्या दिवशी त्यांच्या जागी बसवायला संस्थेजवळ कोणी असणार नाही, आणि तो तोटा कोणत्याही विम्याने भरून निघणारा नाही. वाचलेल्या तासांचा निश्चित हिस्सा उमेदवारीसाठी राखून ठेवण्याचे बंधन सरकारी बँकांनी आणि शासकीय खात्यांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, आणि खासगी संस्थांना सवलती देताना हीच अट घालावी. तेवढे होईपर्यंत सॉफ्ट स्किल्सच्या शिबिरांवर खर्च होणारा पैसा निदान खिडकीवर एक खुर्ची वाढवण्यासाठी वळवला, तरी सुरुवात वाईट होणार नाही.